तुमचा मेल शेवटी तिसराच माणूस वाचतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीतल्या तीसेक माणसांच्या मशीन शॉपमध्ये तुम्ही दोन वर्षं ऑफिस सांभाळताय. कस्टमर, सप्लायर, ट्रान्सपोर्टर, सगळ्यांना मेल आणि व्हॉट्सॲप तुम्हीच करता. तळोज्याच्या एका कस्टमरकडे तीन बिलं अडकली आहेत. चार मेल गेले, एकाचंही उत्तर नाही. मालक म्हणतात, तुझे मेल कोणी वाचत नाही. म्हणून संध्याकाळी ठाण्याला इंग्रजीचा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय आणि चारांपैकी एक मेल नमुन्याला पाठवलाय.

क्लासचे पैसे सध्या ठेवून द्या. तुमचं इंग्रजी कामापुरतं चांगलं आहे. मी सत्तावीस वर्षं याच पट्ट्यात काम केलं, आधी महाप्याला डिस्पॅचमध्ये आणि नंतर वागळे इस्टेटला कमर्शियलमध्ये. आता छोट्या कारखान्यांतल्या ऑफिसच्या मुलामुलींना पत्रव्यवहार शिकवते. इंग्रजी कच्चं आहे म्हणून पेमेंट अडकलं, असं मी फार क्वचित पाहिलंय. तुमच्या मेलची अडचण वेगळी आहे आणि ती लिहायला बसण्याआधीची आहे.

तुमचा मेल मराठीत आणला तर असा होतो: "आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या कंपनीशी आमचे अनेक वर्षांचे चांगले संबंध आहेत. आमची काही बिले बऱ्याच दिवसांपासून पेंडिंग आहेत. यापूर्वीही कळवले आहे. कृपया लक्ष घालून लवकरात लवकर आवश्यक ते करावे." खाली तुमचं नाव. विषयाच्या जागी "पेमेंट रिमाइंडर".

आता तळोज्याला या मेलचं काय होतं ते बघा. मेल जातो परचेसच्या साहेबांना. पेमेंट त्यांच्या हातात नसतं, म्हणून ते वर "प्लीज चेक" एवढं लिहून तो अकाउंट्सला पुढे पाठवतात. अकाउंट्समधल्या माणसाला तुमची कंपनी फक्त एक व्हेंडर कोड म्हणून माहीत असते. कोणती बिलं, किती रकमेची, कोणत्या पीओची (परचेस ऑर्डरची), माल कधी आत गेला, यातलं एकही त्या मेलमध्ये नाही. त्याला ते सगळं स्वतः शोधायचंय, आणि त्याच्यासमोर अशाच पन्नास व्हेंडरांचे मेल पडलेत. ज्या मेलमध्ये सगळं तयार आहे तो मेल तो आधी हातात घेतो. तुमचा खाली जातो, मग आणखी खाली जातो. कोणी मुद्दाम अडवलेलं नसतं.

म्हणून पहिली गोष्ट. मेल लिहिताना ज्याच्या नावाने लिहिताय तो डोळ्यासमोर ठेवाच, पण तो मेल पुढे ज्याच्याकडे जाणार आहे त्या तिसऱ्या माणसासाठी लिहा. व्यवहारातलं पत्र पुढे जातं. परचेसकडून अकाउंट्सकडे, डिस्पॅचकडून ड्रायव्हरकडे, इंजिनिअरकडून क्वालिटीकडे, आणि भांडण झालं तर थेट दोन्ही मालकांकडे. त्या माणसाला तुमचं आधीचं बोलणं माहीत नसतं, फोनवर काय ठरलं ते माहीत नसतं, तुम्ही कोण हेही माहीत नसतं. त्याच्या हातात फक्त तेवढा मजकूर असतो.

हे मी चूक करून शिकले. महाप्याला असताना एका कस्टमरला मी लिहिलं, "माल तयार आहे, उद्या गाडी पाठवा." कस्टमरच्या माणसाने तेच वाक्य ट्रान्सपोर्टरला दिलं, ट्रान्सपोर्टरने ड्रायव्हरला. आमचं एक गोडाऊन तुर्भ्याला होतं आणि मागच्या दोन खेपा तिथूनच उचलल्या होत्या, त्यामुळे ड्रायव्हर तुर्भ्याला गेला. त्यातही मी संध्याकाळी उशिरा लिहिलं होतं आणि निरोप पोचता पोचता दुसरा दिवस उजाडला होता, त्यामुळे त्याचा "उद्या" एक दिवस पुढे सरकला. चुकीच्या जागी, चुकीच्या दिवशी गाडी उभी राहिली आणि रिकामी परत गेली. कस्टमरची लाइन त्या दिवशी आमच्या मालासाठी थांबली होती. माझ्या वाक्यात खोटं काही नव्हतं, ज्याला लिहिलं त्याला ते नीट कळलंही होतं. ज्याने गाडी चालवली त्याच्यासाठी मात्र मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आणि तीच मी शिकवते. कीबोर्डला हात लावण्याआधी कागदाच्या पाठीवर एक वाक्य लिहायचं: हे वाचून कोण, काय, कधीपर्यंत करणार? आणि त्याच्याखाली: ते करायला त्याच्या हातात काय काय लागेल? तुमच्या बाबतीत हे असं होईल. "तळोज्याचा अकाउंट्सवाला १३ जूनपर्यंत तीन बिलांच्या पेमेंटची तारीख कळवेल. त्याला लागेल: बिल नंबर, तारीख, रक्कम, पीओ नंबर, त्यांच्याकडचा जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदीचा नंबर) किंवा गेट एन्ट्री नंबर, देय तारीख." हे लिहून झालं की मेल जवळजवळ झालाच. हे वाक्य लिहिता येत नसेल तर मेल लिहायला बसू नका, कारण काय मागायचं हे अजून तुमचंच ठरलेलं नाही. अशा वेळी फोन करा किंवा मालकांशी बोला.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत नियोजन, लेखन आणि तपासणी असे तीन टप्पे दिलेले असतात आणि निम्मा वेळ नियोजनाला द्या म्हणतात. ऐकायला जास्त वाटतं, पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. दहा मिनिटांच्या मेलमधली पाच मिनिटं चलन, जीआरएन, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर शोधण्यातच जायला हवीत. शोधाशोध तुम्ही केली नाही तर ती समोरच्याला करावी लागते, आणि तो ती करत नाही.

आता तुमचा मेल. नमुने मी मराठीत देते, तुम्ही पाठवताना इंग्रजीत करा. शब्द साधे असल्यामुळे अडचण येणार नाही.

"विषय : ३ बिले, एकूण रु. ३,९५,३०० – देय तारीख उलटली – पेमेंटची तारीख कळवावी

सर, खालील तीन बिलांचे पेमेंट बाकी आहे. पेमेंट कोणत्या तारखेला होईल ते शुक्रवार, १३ जूनपर्यंत कळवावे ही विनंती.

बिल २११, १२ मार्च, पीओ ४४८०, रु. १,१८,०००, देय २६ एप्रिल
बिल २३४, २८ मार्च, पीओ ४४८०, रु. ७६,७००, देय १२ मे
बिल ०१९, १५ एप्रिल, पीओ ४५०३, रु. २,००,६००, देय ३० मे

तिन्ही वेळा माल बिलाच्या तारखेलाच आपल्या गेटवर उतरला. सही-शिक्क्याची चलने आणि बिले सोबत जोडली आहेत. तिन्ही बिले आमच्या जीएसटीआर-१ मध्ये भरली आहेत. यातले एखादे बिल दर, नग किंवा क्वालिटीमुळे थांबले असेल तर तेवढे कळवा, त्याच दिवशी कागद पाठवतो. बाकीच्या दोन्हींचे पेमेंट कृपया थांबवू नये."

खाली नाव, कंपनी आणि थेट मोबाइल नंबर. हा मेल परचेसच्या साहेबांनी एकही शब्द न वाढवता पुढे पाठवला तरी काम होतं. अकाउंट्सच्या माणसाला बिलं सिस्टिममध्ये टाकून पाहता येतात. विषयाच्या ओळीत रक्कम आणि मागणी दोन्ही असल्यामुळे मेल न उघडताही त्याला कळतं की काय करायचंय.

यातल्या दोन ओळी मुद्दाम घातल्या आहेत. पहिली जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची. तुम्ही बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर ते कस्टमरच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, उमटत नाही, त्याला त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, आणि बऱ्याच अकाउंट्स खात्यांत असं बिल तिथेच थांबवलं जातं. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची तारीख पुढच्या महिन्याची ११ असते आणि २बी तयार होतं १४ ला. तुमच्या सीएने एखादं बिल विसरलं असेल तर तुम्ही दहा मेल केले तरी पेमेंट येणार नाही. म्हणून आधी ते तपासा आणि मगच ती ओळ लिहा. दुसरी ओळ "एखादे बिल थांबले असेल तर". एका बिलात पाच नगांचा फरक असला की तीनही बिलं अडकवून ठेवायची, हे फार ठिकाणी होतं. वाद एका बिलाचा असेल तर तो वेगळा काढून द्या, बाकीचं मोकळं होतं.

तुमची कंपनी उद्यम या सरकारी नोंदणी पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेली असेल तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये भर घातली. त्यानुसार अशा पुरवठादाराला या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. अकाउंट्सच्या माणसाला ही भाषा लगेच कळते. जीएसटीतही तसंच आहे: बिलापासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं.

मात्र हे सगळं पहिल्याच मेलमध्ये ओतू नका. कायद्याचा आधार पहिल्या मेलमध्ये आला की तो धमकीसारखा वाचला जातो, आणि परचेसच्या साहेबांशी तुम्हाला उद्याही काम करायचंय. उद्यम नंबर बिलावर छापून ठेवा, तो शांतपणे आपलं काम करतो. कायद्याची ओळ तिसऱ्या स्मरणपत्रात, एकदाच, विशेषणं न लावता लिहा: "आमची नोंदणी उद्यमवर लघु उद्योग म्हणून आहे. बिल २११ ला माल स्वीकारल्यापासून ९० दिवस पूर्ण झाले आहेत." एवढंच. पुढचं समोरच्याला कळतं. त्यानंतरही हललं नाही, तर सूक्ष्म व लघु उपक्रमांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तो निर्णय मालकांचा, तुमचा नव्हे.

तिसऱ्या माणसासाठी लिहिण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. महापालिकेचं किंवा एमआयडीसीचं एखादं पत्र काढून बघा. वर "विषय", त्याखाली "संदर्भ : आपले दि. अमुकचे पत्र क्र. तमुक", शेवटी "प्रत माहितीस्तव". फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि प्रत्येक टेबलावरच्या माणसाला सुरुवातीपासून सगळं कळलं पाहिजे, म्हणून ही रचना झाली. विषय आणि संदर्भ या दोन ओळी तुम्ही तिथून जशाच्या तशा उचला. पण त्या पत्रांतली "योग्य ती कार्यवाही करण्यात यावी" ही ओळ उचलू नका. कार्यवाही कोणी करावी? कोणती योग्य? या वाक्यात कर्ताच नाही, त्यामुळे ते वाचून प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी करेल. तुमचं "आवश्यक ते करावे" त्याच घरातलं आहे. इंग्रजीतलं "डू द नीडफुल" आणि "काइंडली रिव्हर्ट" हीसुद्धा तसलीच. जिथे असा शब्द बोटांतून येईल तिथे थांबा आणि त्या जागी खरं काम लिहा: ड्रॉइंगवर सही करून परत पाठवा, टेस्ट सर्टिफिकेट जोडा, गाडीचा नंबर कळवा.

आता तारखांबद्दल, कारण आपल्या भागात यावरून फार नुकसान होतं. मराठीत "परवा" म्हणजे झालेला परवाही आणि येणाराही. ट्रान्सपोर्टरशी आपण हिंदीत बोलतो, तिथे तर "कल" म्हणजे काल की उद्या हे संदर्भावरून ओळखायचं, आणि पुढे पाठवलेल्या मेसेजमध्ये संदर्भच उरलेला नसतो. म्हणून आज, उद्या, परवा, येत्या सोमवारी, दोन दिवसांत हे शब्द कामाच्या मेसेजमधून काढून टाका. तारीख आणि वार दोन्ही लिहा: "बुधवार, १८ जून". वार लिहिल्याने एक मोठी सोय होते. तारीख चुकून १९ पडली तर वाराशी जुळत नाही आणि वाचणारा विचारतो. "लवकरात लवकर" याला तारीखच नाही, तोही नको. आकड्यांचंही तसंच. व्हॉइस नोटमध्ये "अडीचशे" आणि "साडेतीनशे" घाईत नीट ऐकू येत नाहीत. नग किती ते लिहूनच पाठवा, आणि पुढे एकक लावा. "५० सेट" लिहिलं तर एका सेटमध्ये काय काय येतं तेही लिहा.

पत्त्याचं काय होतं ते तुम्हाला रबाळ्यात बसून माहीतच असेल. नवी मुंबईत प्रत्येक नोडला आपापले सेक्टर आहेत. नुसतं "सेक्टर १५" लिहिलं तर वाशी, नेरूळ, ऐरोली की बेलापूर? कोपरी ठाणे पूर्वेलाही आहे आणि वाशीजवळही. रबाळे म्हणजे स्टेशन की एमआयडीसी? मराठी माणसाला हे विचारायचं सुचतं. गुजरातहून आलेल्या ड्रायव्हरला मॅपवर जे पहिलं दिसेल तो तिथे जातो. गाडीचा मेसेज म्हणून एकदाच नीट तयार करून फोनमध्ये ठेवून द्या: प्लॉट नंबर, रस्ता, जवळची खूण, कोणतं गेट, मॅपचं लोकेशन, लोडिंग किती ते किती, जेवणाची सुट्टी, साप्ताहिक सुट्टीचा वार, गेटवर कोणाला फोन करायचा. घोडबंदर रोडने येणार असेल तर अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा आदल्या दिवशी बघून तेही एका ओळीत घाला. तारीख, नग आणि गाडी नंबर तेवढे दर वेळी बदलायचे. हे एकदा करायला अर्धा तास लागतो आणि वर्षभर पुरतं.

उशिराची बातमी कशी द्यायची, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. त्यावर मी जरा जास्त लिहिते, कारण चांगली माणसं इथेच अडखळतात.

पुस्तकांत वाईट बातमीसाठी वळणाचा रस्ता सांगितलेला असतो: आधी काहीतरी चांगलं बोला, मग कारण, मग बातमी. नोकरीसाठी आलेल्या मुलाला नकार देताना किंवा जुन्या सप्लायरचं कोटेशन नाकारताना ते ठीक आहे. तिथे समोरच्याचं मन राखायचं असतं आणि त्याला लगेच काही करायचं नसतं. डिलिव्हरी उशिरा होणार असेल तेव्हा मात्र हा रस्ता घेऊ नका. तिथे कस्टमरच्या प्लॅनिंगवाल्याला पुढच्या तासाभरात काहीतरी हलवायचं असतं, लाइन बदलायची, माणसं दुसरीकडे लावायची. त्याला नवी तारीख पहिल्या ओळीत हवी. तुमचा मेल पुढे जाताना बहुतेक वेळा पहिल्या दोन ओळीच वाचल्या जातात हेही लक्षात ठेवा.

"विषय : पीओ ४५१२, बुशिंग २०० नग – १२० नग १८ जूनला, ८० नग २३ जूनला

सर, पीओ ४५१२ चे २०० नग बुधवारी १८ जूनला द्यायचे होते. त्यातले १२० त्याच दिवशी पोचतील. उरलेले ८० सोमवारी, २३ जूनला दुपारी ४ पर्यंत आपल्या गेटवर येतील.

ग्राइंडिंग मशीनचे स्पिंडल बेअरिंग शनिवारी गेले. नवीन बसवून आज मशीन सुरू झाले आहे.

१२० नगांवर आपले काम २३ पर्यंत चालत नसेल तर आज, सोमवार १६ जूनला सायंकाळी ६ पर्यंत कळवावे. ८० पैकी ४० नग बाहेरून ग्राइंड करून शुक्रवारी, २० जूनला देता येतील. त्याचा जादा खर्च आम्ही सोसू."

यात माफीचे तीन परिच्छेद नाहीत आणि कारण दोनच वाक्यांत संपलंय. त्याऐवजी समोरच्याला एक पर्याय दिलाय आणि उत्तराची वेळ दिलीय. उशीर झाल्याबद्दल एक वाक्य दिलगिरीचं घालायला माझी हरकत नाही, पण ते शेवटी. आणि हा मेल सोमवारी १६ ला, म्हणजे मशीन दुरुस्त झाल्या दिवशीच गेला पाहिजे. १८ ला दुपारी पाठवलेला हाच मेल कितीही नीट लिहिला तरी कस्टमरच्या कामाचा नसतो. आपल्याकडे माल निघायच्या शेवटच्या क्षणापर्यंत "बघू, होईल" म्हणत थांबायची सवय आहे. तुमच्या शॉप फ्लोअरवर सुपरवायझरला सांगून ठेवा की तारीख हलतेय असं दिसलं की आधी ऑफिसात सांगा. नीट मेल लिहायला नीट माहिती वेळेवर लागते, आणि ती मिळवणं हाही तुमच्या कामाचाच भाग आहे.

दरवाढीचं पत्रही याच जातीचं. नवा दर, कोणत्या तारखेपासून, आणि हातातल्या कोणत्या पीओंना जुनाच दर राहील, हे तिन्ही पहिल्या परिच्छेदात. स्टील महागल्याची कहाणी नंतर.

व्हॉट्सॲप वाईट नाही. गाडी कुठे पोचली, गेट पास झाला का, फोटो पाठवा, याला व्हॉट्सॲपइतकं सोयीचं काही नाही. पण दर, नग, तारीख, ड्रॉइंगमधला बदल यातलं काही फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ठरलं, तर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: "आज दुपारी फोनवर ठरल्याप्रमाणे रिव्हिजन सी नुसार काम सुरू करत आहोत. यात फरक असल्यास उद्या, मंगळवार १७ जूनला सकाळी ११ पर्यंत कळवावे." इथे "उद्या" आलाय, पण शेजारी तारीख आणि वेळ आहे, म्हणून चालतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायद्याने मान्यता आहे, तेव्हा मेल आणि व्हॉट्सॲप दोन्ही पुरावा होऊ शकतात. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही अशा नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, नुसता स्क्रीनशॉट छापून भागत नाही. माणूस नोकरी सोडून फोन घेऊन गेला की तुमची सगळी बोलणी त्याच्याबरोबर जातात, हे तर त्याहून रोजचं. महत्त्वाचं सगळं कंपनीच्या मेलवर हवं.

तुम्ही हल्ली चॅटजीपीटीकडून मेल सुधारून घेता असंही लिहिलंय. घ्या, भाषा साफ होते. पण त्याला तुमचा जीआरएन नंबर ठाऊक नाही, आणि त्या माहितीच्या जागी ते गोड वाक्यं भरतं. तुमच्या नमुन्यातली कुशलतेची आणि संबंधांची ओळ मला तिथूनच आलेली वाटते. कागदाच्या पाठीवरचं ते वाक्य आणि सगळे आकडे आधी तुम्ही द्या, मग भाषा तपासायला सांगा, आणि परत आलेल्या मजकुरातले आकडे मूळ बिलाशी एकदा ताडून बघा. मेल लिहून झाला की तो बाजूच्या टेबलावरच्या माणसाला, ज्याला हे प्रकरण माहीत नाही अशाला, वाचायला द्या. "यात कोणी काय करायचंय?" एवढंच विचारा. तो चाचरला तर मेल अजून झालेला नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, किती वेळा आठवण करायची आणि मालकांना सीसीत कधी घ्यायचं. नवा मेल उद्याच पाठवा, पण आधीच्या चार मेलच्या साखळीला जोडून नको, नवा विषय लिहून स्वतंत्र. पाठवल्यावर तासाभराने परचेसच्या साहेबांना फोन करा आणि पेमेंटबद्दल न बोलता एवढंच विचारा की अकाउंट्समध्ये हे कोण बघतं, त्यांना सीसी केलं तर चालेल का. बहुतेक वेळा ते नाव आनंदाने देतात, कारण त्यांचंही काम हलकं होतं. मिळालेल्या तारखेला पैसे आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी, वर "स्मरणपत्र २". दोन्हीकडच्या मालकांना सीसीत घेणं तिसऱ्या स्मरणपत्राच्या आधी नको, आणि घेण्याआधी साहेबांना फोनवर सांगा की आता घेतोय. न सांगता वरच्यांना सीसी केलं की तो माणूस पुढचे सहा महिने तुमचा प्रत्येक मेल सावकाश उघडतो. आणि पैसे जमा झाले की त्याच दिवशी "बिल २११ चे रु. १,१८,००० आज मिळाले, आभारी आहोत" एवढी एक ओळ अकाउंट्सच्या त्या माणसाला नावाने पाठवा. व्हेंडरांकडून त्याला तक्रारीच येतात, असा मेल त्याला फारसा कोणी करत नाही.